मिटल्या डोळ्यांनी फिरवलेलं इंजिन

फोरमननी शपथ घेतली ती जेवणाच्या टेबलाशी, तोंडात घास असताना. "त्या परक्या इंजिनाकडे मी ढुंकूनही बघणार नाही. देवाशपथ." एवढं बोलून त्यांनी घास गिळला आणि पाणी मागितलं. पाणी मिळालं, पण शपथ मागे घ्यायची संधी काही कोणी दिली नाही.

आता हे फोरमन म्हणजे कोण, तर एका मोटार कारखान्यात उभा जन्म घालवलेला माणूस. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, तरी शेजारीपाजारी, वाणी, दवाखान्यातली नर्स, सगळे त्यांना त्याच हुद्द्याने हाक मारत. घरातही पाठीमागे तेच नाव. सकाळी हात जोडल्याशिवाय ते चहाला शिवत नसत, आणि देवाचं नाव घेऊन बोललेला शब्द त्यांच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ. त्यामुळे त्या दिवशी टेबलाशी बसलेल्या तिघांनाही कळून चुकलं, की आता हे प्रकरण जड जाणार.

तिघं म्हणजे त्यांची बायको, लेक आणि जावई. बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत. त्यांनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. अर्ध्या शहराने त्यांची बोलणी खाऊन लायसन्स मिळवलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्याला त्यांनी 'तू बाबा चालतच जात जा' असा सल्ला दिला होता. लेकीचा स्वतःचा लेथचा कारखाना होता, दोन खोल्यांचा. जावई वायरिंगमध्ये पक्का. शांत माणूस, तोंडात बहुधा वायर धरलेली असायची, त्यामुळे बोलण्याचा प्रश्न फारसा यायचा नाही.

आणि पाचवी होती ती गाडी. मास्तरीणबाईंची. बुटकी, दोनच माणसांची, सीटच्या मागे इंजिन. फोरमनच्याच कारखान्यात बनलेली. वर्षातून एकदा शहराबाहेरचा रेसिंग ट्रॅक जुन्या गाड्यांसाठी खुला व्हायचा. त्या दिवशी मास्तरीणबाई हेल्मेट चढवून चालवायला बसत आणि शेजारी फोरमन. त्यांच्या एका हातात स्टॉपवॉच, दुसरा हात दाराच्या कडीला. वळण आलं की डोळे गच्च मिटायचे आणि वळण सरलं की म्हणायचे, "हे ठीक घेतलंस." न बघता कसं कळायचं, ते देव जाणे. त्या सीटला त्यांच्या पाठीचा आकार आला होता. वर्षभर बाकी काही मिळो न मिळो, त्या सीटवरची ती सकाळ फोरमनना हवी असे.

यंदा गाडीचं इंजिन तडकलं. नुसतं बिघडलं असतं तर फोरमननी हातोहात दुरुस्त केलं असतं, पण ब्लॉकलाच, म्हणजे इंजिनाच्या मूळ धडालाच, चीर गेलेली, आणि कंपनीने ते इंजिन बनवणं कधीच बंद केलेलं. लेकीने चार ठिकाणी चौकशी करून दुसऱ्याच कंपनीचं एक इंजिन आणलं. साध्यासुध्या घरगुती गाडीतलं, वजनाला हलकं आणि फिरायला चपळ. फोरमनना आधी वाटलं ती चेष्टा करतेय.

"आमच्या गाडीत त्यांचं इंजिन?" ते म्हणाले. 'त्यांचं' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू चिमट्यात धरून उचलला होता. उभा जन्म त्यांनी त्या दुसऱ्या कंपनीशी स्पर्धा करण्यात घालवलेला.

मास्तरीणबाई शांतपणे रिकामी भांडी गोळा करत होत्या. "अहो, मी तरी कुठे या घरात जन्मले होते?" त्या म्हणाल्या.

याला उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की माणूस शपथ घेतो. फोरमननी घेतली. आणि मास्तरीणबाईंनी भांड्यांची चळत सिंकमध्ये ठेवून, हात पुसून, तितक्याच शांतपणे निकाल दिला, की ज्याला इंजिनाकडे बघवत नाही त्याने त्याच्या जिवावर फुकट फिरायचंही नाही. यंदा त्यांच्या शेजारी जावईबापू बसतील. जावयाच्या तोंडात नेमका घास होता, त्यामुळे त्याचं मत कळलं नाही. पण त्याचा चेहरा पडला, कारण त्याला लिफ्टमध्येसुद्धा मळमळायचं.

फोरमनची खोली गॅरेजला लागून होती. मधे एकच भिंत, तीही पातळ. देवाने डोळ्यांना पापण्या दिल्या, कानांना दिल्या नाहीत, ही गोष्ट फोरमनच्या त्या दिवसांत फार लक्षात आली. शपथ डोळ्यांची होती. कानांनी काय करायचं? चेन पुलीची कडकड ऐकून त्यांना कळलं की जुनं इंजिन बाहेर निघालं. धप्प आवाजावरून कळलं की ते ट्रॉलीवर ठेवलं, आणि जरा आपटूनच ठेवलं. ग्राइंडरचा आवाज उंच लागला तर लोखंड, बोजड लागला तर ॲल्युमिनियम. ते वर्तमानपत्र उघडून बसत आणि पान उलटायचं विसरत.

जेवताना मग चौकशा सुरू. त्याही वाकड्या वाटेने.

"आज बरीच कापाकापी चालली होती वाटतं?"

"तुम्हाला काय करायचंय, बाबा?" लेक म्हणायची.

"मला काय करायचंय? माझी झोपमोड झाली म्हणून विचारलं."

लेक मग आईला सांगितल्यासारखं करून सगळं सांगायची. तिला बाप ठाऊक होता. परक्या इंजिनाची भोकं आणि आपल्या गिअरबॉक्सची भोकं जुळत नाहीत, म्हणून मधे बसवायला जाड ॲल्युमिनियमची जोडप्लेट तिने लेथवर काढली. इंजिनाचं खालचं तेलाचं चेंबर गाडीच्या आडव्या दांडीला अडत होतं, म्हणून ते एका बाजूने कापून पुन्हा वेल्ड केलं. जावयाचा घोळ वेगळाच. त्या इंजिनाचा जो छोटा संगणक होता, तो त्याच्या जुन्या गाडीची किल्ली ओळखल्याशिवाय सुरूच व्हायला तयार नव्हता. म्हणून जावयाने ती जुनी किल्ली आणि तिचं कुलूप, दोन्ही आणून डॅशबोर्डच्या मागे कायमचं बांधून टाकलं.

"म्हणजे माहेरची किल्ली कमरेला असल्याशिवाय कामाला हात लावत नाही म्हणा की," मास्तरीणबाई म्हणाल्या.

फोरमन हसले नाहीत. पण त्यांचा हात भातात थांबला होता. किल्ली ओळखणारं इंजिन! त्यांच्या काळी इंजिनाला फक्त पेट्रोल आणि ठिणगी ओळखू यायची. ओतीव लोखंडाचा ब्लॉक असेल की ॲल्युमिनियमचा? हाताला कसं लागत असेल? सहज फिरत असेल की अडत अडत? बघायचं तर नव्हतंच, पण समजायचं फार होतं. खाज नको तिथे सुटावी आणि चारचौघांत बसलेलं असावं, तशी त्यांची गत झाली.

अखेर एका दुपारी घर रिकामं झालं. लेक आणि जावई क्लच आणायला गेले, मास्तरीणबाई दाताच्या डॉक्टरकडे. फोरमन स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दारापाशी येऊन उभे राहिले. तिथे त्यांनी देवाशी थोडं बोलणं केलं. म्हणजे सौदा नव्हे, नुसतं स्पष्टीकरण. देवा, वचन डोळ्यांचं दिलं होतं. हात तूच दिलेस, आणि त्यांना आयुष्यभर हेच शिकवलंस. एवढं सांगून त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि आत पाऊल टाकलं.

गॅरेज त्यांना पाठ होतं. डावीकडे भिंतीवर पाने, आकाराप्रमाणे टांगलेले. हात बरोबर हव्या त्या पान्यावर गेला. चार पावलं पुढे स्टँडवर ते इंजिन. पहिला स्पर्श झाला तेव्हा ते थोडे दचकले. गार, गुळगुळीत. ॲल्युमिनियम. बोटं फिरत गेली. या बाजूला पेट्रोलची बारीक नळी, तिच्या खाली हवा आत घ्यायची चार तोंडं, कचरा जाऊ नये म्हणून कागदी चिकटपट्टीने बंद केलेली. त्या बाजूला धूर बाहेर सोडायची चार तोंडं, तीही पट्टीने झाकलेली. समोर पुली, आणि पुलीच्या मधोमध मोठा बोल्ट. प्रत्येक इंजिनाला असतो तसाच.

पाना बोल्टावर बसला. फोरमननी एक तळवा हवा घेणाऱ्या तोंडावर हलकेच ठेवला, आईने तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि दुसऱ्या हाताने पाना उजवीकडे ओढला. त्यांच्या कारखान्यातलं प्रत्येक इंजिन उजवीकडे फिरायचं. घड्याळाचे काटे फिरतात तसं. हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

इंजिन फिरलं. जड, पण नितळ फिरणं. दाब आला, सुटला, पुन्हा आला. आता हवा आत ओढली जाईल आणि कागदी पट्टी आत खेचली जाईल म्हणून ते वाट पाहत राहिले. पट्टी आत गेली नाही. ती बाहेर फुगली. तळव्याला टेकली, झोपलेल्या बाळाच्या गालासारखी, आणि पुन्हा सपाट झाली.

फोरमननी आणखी एक फेरी दिली. पुन्हा तेच. मग ते चाचपडत दुसऱ्या बाजूला गेले आणि धुराच्या तोंडावर तळवा ठेवून, अंग वाकवून, हात लांबवून पाना ओढला. तिथली पट्टी आत खेचली गेली.

"नाकाने जेवतंय की काय हे?" ते मोठ्याने म्हणाले.

पाना पुसून जागच्या जागी टांगून ते खोलीत आले तेव्हा खरं सांगायचं तर ते खूश होते. त्यांचं मत खरं ठरलं होतं. दुसऱ्या कंपनीला धड व्हॉल्व्ह बसवता येत नाहीत, हे ते वर्षानुवर्षं सांगत आले होते. पण ती खुशी काही संध्याकाळपर्यंत टिकली नाही. कारण लेकीने हे इंजिन त्याच्या जुन्या गाडीत चालताना ऐकून, मगच घेतलं होतं, आणि लेकीचे कान बापाचे होते. मग चालणारं इंजिन उलटा श्वास कसा घेईल? जो श्वास उलटा घेतो तो जगत नाही.

झालं. माणसाला एकदा 'कसं' नावाचं कुसळ लागलं की ते खाली बसू देत नाही. फोरमन दात घासताना विचार करायचे, चपला घालताना विचार करायचे. एकदा तर हात जोडून उभे असताना त्यांच्या मनात व्हॉल्व्ह आले आणि त्यांना देवाची माफी मागावी लागली. विचारायचं तरी कुणाला? विचारलं तर 'तुम्हाला कसं कळलं' हा प्रश्न ठरलेला. आणि मग शपथेचं काय, हा त्याच्या मागचा.

जेवताना त्यांनी फार लांबून विषय काढून पाहिला. "काय गं, श्वास आत घ्यायचा आणि बाहेर सोडायचा, यात आधी काय?"

"जन्मताना की मरताना?" मास्तरीणबाईंनी विचारलं. त्यावर विषय भलतीकडेच गेला.

दिवस चालले होते. भिंतीपलीकडून इंजिन उचलल्याचा आवाज आला, मग गाडीत बसवल्याचा, मग बोल्ट आवळल्याचे. ट्रॅकचा दिवस तोंडावर आला. मास्तरीणबाईंनी हेल्मेट धुऊन वाळत घातलं. त्याच्या शेजारी फोरमनचं हेल्मेटही वाळत घातलेलं होतं, पण ते जावयाच्या मापाचा पट्टा लावून. फोरमननी ते पाहिलं आणि खोलीत जाऊन वर्तमानपत्र उघडलं.

मग ट्रॅकचा आदला दिवस आला, गाडी पहिल्यांदा बाहेर काढायचा. सकाळी लेक आणि जावई गॅरेजमध्ये होते. मास्तरीणबाई स्वयंपाकघरात फोरमनसमोर चहा घेत बसल्या होत्या, साखर ढवळत. तेवढ्यात भिंतीपलीकडे स्टार्टर घरघरला, एकदा, दोनदा, आणि इंजिन सुरू झालं. असा गोड आवाज, की फोरमनच्या हातातली बशी नकळत खाली टेकली. एक ठोका चुकत नव्हता. हे इंजिन आजारी नव्हतं, हे तर ठणठणीत होतं.

"चला," मास्तरीणबाई उठल्या. "बाहेर काढायचा मान माझा. तुम्ही बसा तुमच्या शपथेपाशी."

त्या गेल्या. त्यांचा कप समोर राहिला, आणि त्यात चहा अजून फिरत होता. फोरमन त्याच्याकडे बघत राहिले. फिरत होता तो डावीकडे.

त्यांची बायको डावखुरी. चहा डाव्या हाताने ढवळायची, म्हणून तो डावीकडे फिरायचा. लग्न होऊन आली तेव्हा घरातली मोठी माणसं तिचा हात बदलायच्या मागे लागली होती. तेव्हा फोरमन, म्हणजे तेव्हाचा साधा फिटर, चारचौघांत म्हणाला होता, की साखर विरघळते ना, मग हात कुठला का असेना. त्या एका वाक्यावर, मास्तरीणबाई पुढे सांगायच्या, त्यांनी हा संसार केला.

चहाचा भोवरा हळू होत होता. डावीकडे, डावीकडे. त्यात चमचा घालून उजवीकडे ढवळला तर? तर सगळं उलटं दिसेल. आत जाणारं बाहेर येईल, बाहेर जाणारं आत. चहाचा त्यात दोष नसेल. दोष हाताचा.

इंजिन डावखुरं होतं. जन्मतःच. उलटं त्यांनी फिरवलं होतं.

"अरे देवा," फोरमन म्हणाले, आणि त्यांना मनापासून हसू आलं. असंही असतं तर. असंही इंजिन कोणीतरी, कुठेतरी, विचार करून बनवलं होतं, आणि ते धडधाकट चालत होतं. या वयात असं नवं काही कळण्याचा आनंद फार दिवसांनी झाला होता.

आणि मग त्यांना गिअरबॉक्स आठवला.

गिअरबॉक्स त्यांच्या कारखान्यातला. उजव्या फिरण्याचा. त्याला डावखुरं इंजिन जोडलं, की पुढचे सगळे गिअर मागे जाणार, आणि मागचा एक तेवढा पुढे. गाडीचं तोंड गॅरेजच्या दाराकडे होतं. लेक आणि जावई कौतुकाने पुढे उभे असणार. मागे ट्रॉलीवर, चादरीखाली, जुनं इंजिन, आणि त्याच्या मागे पक्की भिंत. मास्तरीणबाई गाडी सोडायच्या ती थाटात सोडायच्या. ट्रॅकवर तर त्यांच्या मागे दहा गाड्या उभ्या असतील, हेही फोरमनच्या मनात येऊन गेलं.

ते धावले. धावले म्हणजे, त्या गुडघ्यांना जेवढं जमतं तेवढं. दार ढकललं, आणि उंबरठ्यावरच शपथ आडवी आली. इंजिनावरचं झाकण उघडं असणार, आणि ते अगदी समोर. फोरमननी एका हाताने डोळे झाकले, दुसरा हात पुढे धरला आणि चाचपडत आत घुसले. गाडी आणि ट्रॉली यांच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"रिव्हर्स टाक," ते ओरडले.

इंजिनाच्या आवाजात ते पुरतं कोणाला कळलं नाही. पण मास्तरीणबाईंना आरशात नवरा दिसला. डोळ्यांवर हात, चप्पल एकाच पायात. त्यांचा पाय क्लचवर होता आणि गिअर पहिल्यात.

"अहो, बाजूला व्हा."

"नाही होणार. रिव्हर्स टाक. पुढे जायचं असेल तर रिव्हर्स."

लेक पुढून म्हणाली, बाबा, तुम्ही मागे उभे आहात. रिव्हर्स टाकला तर तुमच्या अंगावर येईल. जावयाने तोंडातली वायर काढली, पण म्हणायला काही सुचलं नाही म्हणून पुन्हा घातली.

मास्तरीणबाईंनी आयुष्यात कोणाकडून गाडी चालवण्याबद्दल सल्ला घेतला नव्हता. आणि हजारो शिकाऊंना एक गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा बजावली होती, की मागे माणूस असताना रिव्हर्सला हात लावायचा नाही. आरशात तो माणूस उभा होता. हलत नव्हता. हा माणूस वळणावर डोळे मिटायचा, आणि तरी वळण कसं घेतलं ते त्याला कळायचं.

"वेडेपणा नाही ना हा?" त्यांनी विचारलं.

"वेडेपणाच आहे," फोरमन म्हणाले, "पण खरा आहे."

मास्तरीणबाईंनी रिव्हर्स टाकला. क्लच इतका हळू सोडला, जणू झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढत होत्या. गाडी थरथरली आणि पुढे सरकली. पुढे. लेक आणि जावई दोन्ही बाजूंना झाले, आणि रिव्हर्समधली ती गाडी तोंड वर करून, दिमाखात, गॅरेजमधून अंगणात गेली.

इंजिन बंद झालं. मग लेक खाली बसून हसायला लागली. तिला उठता येईना. तिने प्लेट बनवली होती केसाच्या जाडीइतकी अचूक. वजन, लांबी, उंची, चेंबर, सगळं मोजलं होतं. तू फिरतोस कुठल्या बाजूने, एवढंच कोणी इंजिनाला विचारलं नव्हतं. जिथे बापाचा हात वळला तिथेच लेकीची समजूत वळली होती. एकाच घरातली चूक.

"पण तुम्हाला कसं कळलं?" मास्तरीणबाईंनी विचारलं. तो ठरलेला प्रश्न.

"बघितलं नाही," फोरमन घाईने म्हणाले. हात अजून डोळ्यांवरच. "देवाशपथ नाही बघितलं. हात लावला."

"डोळे मिटून?"

"डोळे मिटून."

लेकीने पुलीकडे बोट केलं. तिच्यावर चांगला ठसठशीत बाण कोरलेला होता, डावीकडे तोंड केलेला. "बाबा, नुसते डोळे उघडले असतेत तर एका क्षणात कळलं असतं."

"आणि तू इतके दिवस उघडे ठेवून काय केलंस?" फोरमन म्हणाले.

त्यावर जावई हसला आणि त्याची वायर खाली पडली.

मास्तरीणबाई गाडीतून उतरल्या. त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांवरचा हात धरला, पण ओढला नाही. "शपथ परक्या इंजिनाची होती ना?" त्या म्हणाल्या. "तुम्ही ज्याच्या पुढ्यात उभं राहून जीव धोक्यात घातलात, ते अजून परकंच आहे का?"

फोरमन ओठातल्या ओठात पुटपुटले. देवाशी काही बोलत असावेत. देव काही कचेरीतला कारकून नव्हे, शब्दावर बोट ठेवून बसायला, हे त्यांना आतून माहीत होतं. फक्त कोणीतरी म्हणायला हवं होतं. त्यांनी हात खाली घेतला आणि डोळे उघडले.

"एवढंसं?" ते म्हणाले.

मग मात्र त्यांना आवरणं कठीण झालं. जेवणं तशीच राहिली. फोरमन गाडीखाली शिरले आणि त्यांचे फक्त पाय दिसू लागले. गिअरबॉक्स उतरवून, उघडून बाकावर ठेवला. आत एक मोठं दात्यांचं चाक असतं, क्राऊन म्हणतात, ते छोट्या चाकाकडून फिरणं घेतं आणि गाडीच्या चाकांना देतं. ते उजवीकडून काढून डावीकडे बसवलं, की चाकं सुलटी फिरतील, असं लेकीने कागदावर काढून दाखवलं. पण डावीकडे त्याला बसायला जागा हवी.

फोरमनचा चेहरा उजळला. जागा होती. अगदी तशीच, जशी उजवीकडे. फिटर असल्यापासून त्यांनी असे गिअरबॉक्स बांधले होते आणि दर वेळी त्यांना प्रश्न पडायचा, की चाक एकाच बाजूला बसतं, तर बैठक दोन्ही बाजूंना कशाला? एकदा साहेबांना विचारलं तर साहेब म्हणाले होते, ठेवलीय म्हणून ठेवलीय. ते उत्तर फोरमनना कधी पचलं नव्हतं. आता बाकावर वाकून त्यांनी रिकाम्या बैठकीवरून अंगठा फिरवला. कधीतरी कोणी डावखुरं येईल, म्हणून कोणीतरी जागा राखून ठेवली होती. त्यांच्याच कारखान्यात.

"दात मात्र पाठीच्या बाजूने लागतील," ते लेकीला म्हणाले. "कुरकुर करेल. फार वर्षं टिकणार नाही."

"वर्षं कोणाला हवीयत?" मास्तरीणबाई दारातून म्हणाल्या. "मला सकाळ हवीय."

सकाळ आली. ट्रॅकवर ऊन कोवळं होतं आणि गाड्या रांगेत उभ्या. जावयाने हेल्मेट फोरमनच्या हातात असं दिलं, जणू फाशी माफ झाली होती. फोरमन आपल्या सीटवर बसले. पाठ जिथल्या तिथे टेकली. मागे ते एवढंसं इंजिन गुणगुणत होतं, आणि खालून गिअरबॉक्स सासूसारखा बारीक आवाजात तक्रार करत होता, पण काम सोडत नव्हता.

"पहिला गिअर कुठे जातो?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"पुढे."

"नक्की?"

"टाकून बघ. मागे आज कोणी उभं नाही."

झेंडा पडला. गाडी पुढे गेली, आणि काय गेली. सरळ रस्ता संपला, पहिलं वळण अंगावर आलं. फोरमनचा एक हात कडीला, दुसऱ्यात स्टॉपवॉच. ते चालू करायला ते विसरले होते.

"अहो," मास्तरीणबाई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "डोळे उघडे आहेत का?"

"आहेत," फोरमन म्हणाले, आणि उघडले.